किट तीनदा बदललं तरी फियाट सिग्नलला बंद पडतेच: सोलेक्स कार्बोरेटरचा दोष नेमका कुठं शोधायचा

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं चालवली की सिग्नलला स्लो (पाय न दाबता इंजिन ज्या कमी वेगावर चालतं तो) खाली येतो, बॉनेट थरथरतं, ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि इंजिन बंद. लगेच सेल्फ मारला तर घेत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की भकभक करत उठते आणि पेट्रोलचा वास येतो. गॅरेजमध्ये नेली की कार्बोरेटर खोलतात, धुतात, नवीन किट टाकतात. पंधरा दिवस गाडी छान चालते. सोळाव्या दिवशी पुन्हा तोच सिग्नल आणि तोच लाल दिवा.

आमची गाडी 1987 ची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात, बाबांनी घेतलेली. 1089 सीसीचं चार सिलिंडर इंजिन, वर एकच सोलेक्स कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. एका वर्षात तीन किटं बदलून झाल्यावर मी स्वतः शिकायला बसले. दोन मे महिने आणि एक पावसाळा गेला, पण दोष सापडले. मुद्दाम अनेकवचन वापरतेय, कारण तक्रार एक होती आणि दोष तीन होते. त्यातला एकही किटमध्ये येणाऱ्या भागात नव्हता. किटमध्ये पॅकिंग, वॉशर, कार्बोरेटरवरच्या छोट्या पंपाचा डायफ्राम, नीडल वाल्व्ह आणि एखाद-दोन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) येतात. टाकीतला गंज, कार्बोरेटरची वाकलेली बैठक आणि खालचा उष्णतारोधक तुकडा किटमध्ये येत नाही. ज्यांची गाडी वरच्यासारखीच वागते त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहिते.

आधी इग्निशन, मग कार्बोरेटर

इग्निशन म्हणजे प्लगला ठिणगी देणारी सगळी व्यवस्था. ती तपासणं टाळून पुढं जाऊ नका. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल अगदी कार्बोरेटरसारखाच त्रास देतात. पॉइंट साफ करून गॅप 0.45 मिमीच्या आसपास घ्या, प्लगचा गॅप 0.6 मिमी ठेवा, डिस्ट्रिब्युटर कॅपला आतून तडा गेलाय का ते उजेडात बघा. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, 1-3-4-2 आहे. वायरी काढताना गोंधळ झाला तर तोही तपासा. मी पहिले दोन आठवडे फक्त एवढंच केलं. गाडी थोडी गुळगुळीत झाली, पण बंद पडायची थांबली नाही. मग कार्बोरेटरकडे वळायला मी मोकळी झाले.

बंद पडली त्याच क्षणी काय बघायचं

बहुतेक लोक गाडी थंड झाल्यावर, घरी आल्यावर बॉनेट उघडतात. तोपर्यंत पुरावा गेलेला असतो. ती जिथं बंद पडेल तिथंच, गाडी बाजूला घेऊन, चावी बंद करून बघायचं असतं. आसपास सिगारेट, काडी काहीही नको.

एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या घशात वरून बघा. आता हातानं थ्रॉटलची (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेची) दांडी एकदा झटकन फिरवा. बाजूच्या बारीक नळीतून पेट्रोलची धार घशात पडली, तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात, पेट्रोल आहे. म्हणजे टाकीपासून वाटीपर्यंतचा पुरवठा त्या क्षणी तरी ठीक आहे. धार आलीच नाही, तर वाटी रिकामी आहे, आणि मग पंप, पाइप, फिल्टर किंवा पाइपात झालेली वाफ यांच्याकडे बघायचं. तिसरी शक्यता अशी की तुम्ही काहीही न हलवता घशात पेट्रोल थेंबथेंब गळतंय आणि आतून वाफा येतायत. तेव्हा एक तर नीडल वाल्व्ह पेट्रोल अडवत नाही, नाहीतर वाटीतलं पेट्रोल गरमीनं उकळून बाहेर येतंय.

एका मिनिटाच्या या तपासणीनं माझे पुढचे सहा महिने वाचले असते. पहिल्यांदा केली तेव्हा धार आली, आणि धार थांबल्यावरही मधल्या नळीतून पेट्रोल पाझरत राहिलं. पेट्रोल कमी पडत नव्हतं, नको तेव्हा जास्त येत होतं. तरीही सिग्नलला स्लो पडायचा तो मात्र पेट्रोल कमी पडून. हे दोन्ही एकाच गाडीत कसं, ते पुढं येईल.

वाफेची शंका असेल तर मुंबईचे टॅक्सीवाले जे करायचे तेच करा. पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाच्या बाजूला लावलेल्या यांत्रिक पंपावर, ओलं फडकं टाका. पाच मिनिटांत गाडी सुरळीत झाली तर पंपातच वाफ अडकत होती. नाही झाली तर फडकं काढून पुढं चला.

कचऱ्याचा रंग

बहुतेक सोलेक्समध्ये पायलट जेट बाहेरूनच पेचकसानं निघतो. स्लोचं पेट्रोल याच्यातून जातं. रस्त्यावरचा मेकॅनिक तो काढतो, फुंकर मारतो, परत लावतो आणि गाडी चालू होते. किट बदलल्यावर पंधरा दिवस गाडी नीट चालायची याचं कारण हेच होतं. किटमुळं काही झालं नव्हतं. खोलताना जेट साफ झाला होता, इतकंच.

मग पुन्हा का तुंबतो? जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: 50 म्हणजे 0.50 मिमी, 125 म्हणजे 1.25 मिमी. पळत्या गाडीला पेट्रोल देणाऱ्या मेन जेटमधून जो कण सहज निघून जातो तो पायलटमध्ये अडकतो. म्हणून गाडी रस्त्यावर पळते आणि सिग्नलला मरते.

वाटी उघडली की तळाशी बसलेला गाळ फेकून देऊ नका. पांढऱ्या कागदावर घ्या, वाळू द्या. लालसर तपकिरी पावडर असेल तर कागदाखालून चुंबक फिरवा. पावडर हलली तर तो टाकीतला गंज. काळा, बोटाला चिकटणारा चुरा म्हणजे आतून सुटत चाललेला रबरी पाइप. पांढरा किंवा फिकट हिरवट खर वाटीच्या भिंतीला धरलेला असेल तर पेट्रोलमधून पाणी येतंय आणि कार्बोरेटरचा मिश्रधातू ते खातोय. माझ्या कागदावर पहिले दोन्ही निघाले.

इथं इथेनॉलचा संबंध येतो. फेब्रुवारी 2023 पासून देशात काही पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागलं आणि 2025 पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे पोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. रोज चालणाऱ्या गाडीला याचा त्रास कमी. पण आपल्या गाड्या महिन्यातून दोनदा निघतात, तीही अर्ध्या टाकीवर. टाकीची वरची रिकामी बाजू दमट हवेत गंजते, तळ पाण्यात गंजतो. शिवाय 1987 चा रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेला नव्हता. तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून मऊ होऊन सुटतो. मी काढलेला पाइप उभा चिरला तर आतला थर नखानं निघत होता.

उपाय सोपा आहे, पण वेळ खातो. टाकी उतरवा. एखाद्या जुन्या रेडिएटरवाल्याकडून ती गरम पाण्यानं आणि वाफेनं पेट्रोलचा वास जाईपर्यंत धुऊन घ्या. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीजवळ ज्योत आणू देऊ नका, आत वाफ भरलेली असते आणि तिनं माणसं मेलीत. मग आत मूठभर छोटे नट घालून हलवून हलवून गंज सोडवा, नट मोजून काढा, लगेच वाळवा. टाकीतली जाळी नवीन बसवा. पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे काय येतंय ते डोळ्यांना दिसेल. रबरी पाइप घेताना इथेनॉलला टिकणारा मागा. त्याच्यावर एसएई जे30 आर9 असं छापलेलं असतं. पुण्यात नाना पेठेत मला दोन दुकानं फिरल्यावर मिळाला. साधा काळा पाइप स्वस्त मिळतो आणि वर्षभरात पुन्हा तेच दुखणं देतो.

हे झालं आणि पायलट जेट तुंबायचा थांबला. पण स्लो अजून बसत नव्हता.

स्क्रू फिरवून काहीच होत नाही, तेव्हा

सोलेक्सवर दोन स्क्रू असतात. एक थ्रॉटल किती उघडं राहील ते ठरवतो, त्याला आपण स्लोचा स्क्रू म्हणतो. दुसरा खाली, स्प्रिंगवाला, मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू आत नेला की पेट्रोल कमी होतं, बाहेर काढला की वाढतं. गरम इंजिनावर तो पूर्ण आत नेला की इंजिन बंद पडायलाच हवं. माझ्या गाडीत तो पूर्ण आत नेला तरी इंजिन चालूच राहायचं. तीन फेरे बाहेर काढला तरी फरक नाही.

ही खूण ओळखायला शिका. स्क्रूचा परिणाम होत नाही, म्हणजे इंजिन त्या वाटेनं पेट्रोल घेतच नाहीये. थ्रॉटलच्या बटरफ्लायच्या, म्हणजे फिरणाऱ्या गोल पट्टीच्या, कडेला, थोडं वर, एक-दोन बारीक भोकं असतात. पाय दाबायला सुरुवात होते तेव्हा बटरफ्लायची कड त्यांच्यावरून सरकते आणि त्यांच्यातून पेट्रोल यायला लागतं, म्हणजे स्लोमधून मेन जेटकडे जाताना मधे खड्डा पडत नाही (इंजिन अडखळत नाही). कुणीतरी स्लोचा स्क्रू इतका आत मारला होता की बटरफ्लाय कायमची त्या भोकांच्या पलीकडे उभी होती. गाडी स्लोवर चालतच नव्हती. त्या मधल्या भोकांवर चालत होती, आणि त्यावर चालणारा स्लो कधीच स्थिर राहत नाही. थंड असताना चोक मदतीला असतो. गरम झाल्यावर तो आधार जातो.

पण त्या माणसानं स्क्रू एवढा आत मारला कशासाठी? कारण स्लोवर गाडी टिकत नव्हती. आणि ती का टिकत नव्हती, तर कुठून तरी फुकटची हवा आत शिरत होती.

इथं मला एक वयस्कर मिस्त्री भेटले. आयुष्यभर मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींची कामं केलेली, आता मुलाकडे भवानी पेठेत राहतात. कार्बोरेटर हातात घेतला, उलटा केला आणि स्टीलची पट्टी बैठकीवर आडवी ठेवली. म्हणाले, “ताई, हे बघा. कान खाली आलेत.” पट्टीच्या मधोमध उजेड दिसत होता.

कार्बोरेटर खाली दोन स्टडवर बसतो. हवा गळतेय अशी शंका आली की जो तो नट अजून आवळतो. खाली मऊ पॅकिंग असतं, ते दबतं, आणि मिश्रधातूची बैठक दोन्ही कानांकडे हळूहळू वाकते. मध्यभाग उचलला जातो. जितकं आवळाल तितकी गळती वाढते. मग कुणी दोन पॅकिंग टाकतो, कुणी सिलिकॉन लावतो. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे तुकडे आत जातात. कृपा करून लावू नका.

गळतीची खात्री करायला गरम इंजिन स्लोवर ठेवून बैठकीच्या कडेनं ब्रशनं इंजिन ऑइल लावा. ऑइल फटीत ओढलं गेलं आणि क्षणभर आवाज बदलला की हवा तिथूनच येते. पेट्रोल किंवा स्प्रे उडवून बघायची पद्धत मी सांगणार नाही, शेजारी तापलेला सायलेन्सर असतो.

दुरुस्तीला जाड काच, 320 नंबरचा वॉटर पेपर आणि धीर एवढंच लागतं. कागद काचेवर ओला करून पसरायचा, कार्बोरेटरचा खालचा भाग त्यावर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायचा. बटरफ्लाय बंद ठेवा, नाहीतर तिची कड खाली येऊन घासते. दर वीस फेऱ्यांनी भाग नव्वद अंशात वळवा, म्हणजे एकाच बाजूला जास्त कापलं जात नाही. मार्करनं बैठकीवर रेघा मारून ठेवल्या तर कुठं घासलं जात नाही ते दिसतं. सगळ्या रेघा गेल्या की 0.05 मिमीचं फिलर गेज काचेवर कुठंही शिरता कामा नये. मला दीड तास लागला. नंतर सगळ्या वाटा धुऊन काढा, ती धूळ पायलट जेटला बंद करायला पुरेशी आहे.

नट बसवताना दोन्ही बाजू आलटून पालटून, छोट्या पान्यानं, मनगटाच्या जोरावर. खांद्याचा जोर लावायचा नाही. गाडी एकदा गरम होऊन गार झाली की पुन्हा एक पाव फेरा.

दांडीची ढील

बैठक सरळ झाल्यावरही हवा येत असेल तर थ्रॉटलची आडवी दांडी बघा. पितळी दांडी मिश्रधातूच्या भोकात तीस-पस्तीस वर्षं फिरून भोक लांबट करते. दांडी धरून वर-खाली हलवा. बोटाला ढील जाणवली, आणि पाय सोडल्यावर स्लो कधी मिनिटाला हजार फेऱ्यांवर तर कधी पाचशेवर थांबत असेल, तर तीच गळती. पक्कं करायला स्लोवर असताना दांडीच्या दोन्ही टोकांना घट्ट ग्रीस थापा. दोन मिनिटं स्लो सुधारला तर शंका उरत नाही. लेथवाला भोकं मोठी करून पितळी बुश बसवतो. पण भोकं एका रेषेत यायला हवीत, नाहीतर बटरफ्लाय अडकेल. हे काम कार्बोरेटरचीच कामं करणाऱ्याकडे द्या. माझ्या गाडीत ढील होती पण थोडी, मी ती तशीच ठेवली आहे.

खोलताना आणि बसवताना

खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक जेटचा आकडा वहीत लिहा, कारण किटमधले जेट तुमच्या गाडीचेच असतात असं नाही. माझ्याकडं आलेल्या एका किटमधल्या जेटवर आकडा होता आणि भोक त्या आकड्यापेक्षा उघड मोठं होतं. तेव्हापासून जुने, न टोकरलेले जेट मी साफ करून परत वापरते. जेटमध्ये तार, सुई, पिन घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की ते लहान होत नाही. आधी कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर, मग हवेचा दाब, आणि उजेडाकडे धरून भोक पूर्ण गोल दिसतंय का ते बघणं. कार्बोरेटरच्या आतल्या आडव्या वाटांनाही दोन्ही टोकांकडून हवा द्या. हवा देण्याआधी डायफ्राम काढून ठेवा, नाहीतर फाटतो.

फ्लोट म्हणजे वाटीत तरंगणारा, पातळी भरली की नीडल वाल्व्ह बंद करणारा भाग. तो कानाजवळ हलवा. आत पेट्रोल वाजलं तर त्याला भोक आहे. गरम पाण्यात बुडवलं की बुडबुडे जागा दाखवतात. जड झालेला फ्लोट उशिरा उठतो आणि वाटी भरून वाहते. सोलेक्समध्ये पेट्रोलची पातळी नीडल वाल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीनं ठरते. वॉशर पातळ टाकला की वाल्व्ह वर सरकतो आणि पातळी वाढते, जाड टाकला की उतरते. जुना वॉशर मोजून तेवढ्याच जाडीचा टाका. एका गॅरेजवाल्यानं माझा वॉशर लावलाच नव्हता.

कार्बोरेटरवरच्या छोट्या पंपाच्या (पाय दाबल्यावर घशात धार सोडतो तो) डायफ्रामचे चार स्क्रू आवळताना पंपाची दांडी पूर्ण दाबून धरा. तसं केलं नाही तर डायफ्राम ताणलेला बसतो, धार तोकडी पडते आणि पिकअपला खड्डा लागतो. मी पहिल्या वेळी हे चुकवलं होतं आणि दोन दिवस मेन जेटला दोष देत बसले.

आता चोक. सोलेक्समध्ये घसा झाकणारी पट्टी नसते. बाजूला एक छोटा वेगळा कार्बोरेटरच असतो, आत फिरणारी चकती, आणि तिचं पेट्रोल इंजिनाच्या ओढीनं येतं. म्हणून थंड गाडी सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. पाय दाबला की ती ओढ जाते आणि चोक काम करत नाही. बाबा हे नेहमी सांगायचे, त्यामागचं कारण मला आत्ता कळलं. चोकची केबल लावताना बटण आत ढकलल्यावर चकतीची दांडी पूर्ण थांब्याला टेकली पाहिजे. एखादा मिलिमीटर राहिला तरी ती चकती थोडी उघडी राहते, प्लग काळे पडतात आणि आपण बिचाऱ्या मिश्रणाच्या स्क्रूला छळतो.

गरम असताना न उठणं

तिसरा दोष मिस्त्रींनी एका प्रश्नात काढला. “खालचा बेकेलाइटचा तुकडा कुठं गेला?” कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड उष्णतारोधक तुकडा असतो, दोन्ही बाजूंना पॅकिंग. माझ्या गाडीत कुणीतरी तो तुटल्यावर फेकून नुसतं कागदी पॅकिंग टाकलं होतं. चालत्या गाडीत पेट्रोल सतत येऊन कार्बोरेटर थंड राहतो. गाडी बंद केली की पुढची दहा-पंधरा मिनिटं इंजिनाची सगळी उष्णता वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि मधल्या नळीतून घशात पाझरतं. पेट्रोलचा वास, न घेणारा सेल्फ, पाय पूर्ण दाबल्यावर उठणं, सगळं यातूनच येत होतं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मे महिन्यात दुपारी अर्धा तास थांबून मी हे भोगलंय.

तो तुकडा जुन्या बाजारात मिळाला. न मिळाल्यास टर्नरकडून जाड बेकेलाइट शीटमधून कापून घेता येतो, फक्त भोक घशाइतकंच ठेवा आणि दोन्ही पृष्ठभाग काचेवर तपासा. लाकूड किंवा प्लॅस्टिक नको. आणि हा भाग शोधायचा तर आता लवकर शोधा. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट आणि पुढं पद्मिनी म्हणून निघालेली ही गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती तोवर सुटे भाग आणि ते बसवणारे हात दोन्ही भरपूर होते. वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ऑक्टोबर 2023 अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. मिस्त्रींसारख्या माणसांकडून जे शिकायचं ते आत्ताच शिकून घ्या, असं मला मनापासून वाटतं.

ट्यूनिंग

हे सगळं झाल्यावरच. गाडी निदान वीस मिनिटं चालवून आणा. चोक आत, एअर फिल्टर जागेवर, हेडलाइट आणि पंखा बंद. मिश्रणाचा स्क्रू हळूच टेकेपर्यंत आत न्या (जोरानं आवळला तर त्याच्या टोकाला कडं पडतं आणि मग तो कधीच नेमका बसत नाही), तिथून दीड फेरा बाहेर. स्लोच्या स्क्रूनं साधारण 800 आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) घ्या. पद्मिनीला आरपीएमचं मीटर नाही, ते मोजणारा मल्टिमीटर बराच स्वस्त मिळतो.

आता मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेऱ्यानं बाहेर काढत जा. इंजिन वेग धरेल, मग जड होऊन डुलायला लागेल. तिथून परत आत, सगळ्यात वेगवान आणि गुळगुळीत जागा येईपर्यंत. मग आणखी आत, वेग जेमतेम कमी व्हायला लागेपर्यंत, आणि तिथून अगदी थोडा बाहेर. वेग वाढला असेल तर स्लोच्या स्क्रूनं उतरवा आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन फेऱ्यांत जागा सापडते. प्रत्येक वळणानंतर दहा सेकंद थांबा, इंजिनाला कळायला वेळ लागतो. सरतेशेवटी स्क्रू एक ते दोन फेऱ्यांच्या मधे कुठंतरी बसला पाहिजे. तीन फेऱ्यांवर बसत असेल तर हवा अजून कुठून तरी येतेय किंवा पायलट जेट अर्धवट बंद आहे. मागं जा.

व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजणारं मीटर) असेल तर छानच, काटा स्थिर हवा. नसेल तर पीयूसीचं मशीन वापरा. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. मी ओळखीच्या पीयूसीवाल्याला विनंती करून नळी लावून ठेवायला सांगितली आणि समोर आकडा बघत स्क्रू फिरवला. 2 टक्क्यांच्या आसपास इंजिन सगळ्यात समाधानी होतं. कानानं लावलेली जागा 3.8 दाखवत होती, म्हणजे माझा कान पेट्रोल जास्त मागत होता.

मेन जेट सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला साधारण 14.7 किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साधारण 13.5. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ पडतं. भोकाचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं तर व्यास चारेक टक्क्यांनी वाढतो: 120 असेल तर 125. त्याहून मोठी उडी नको. आधी खात्री करा की खरंच गरज आहे. सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगात हलक्या पायावर गाडी झटके देत असेल, आणि चोक थोडा ओढल्यावर झटके थांबत असतील, तर मिश्रण पातळ आहे. मी 125 टाकला. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरला जी मिसिंग व्हायची ती गेली, मायलेजमध्ये मला मोजता येईल असा फरक पडला नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मला दोन गोष्टी एकदम बदलायचा मोह दरवेळी झाला आणि दरवेळी त्यानं एक रविवार खाल्ला.

आज या कामाला सात महिने झाले. पंपाआधीच्या पारदर्शक फिल्टरच्या तळाशी चिमूटभर लाल पावडर जमली आहे, म्हणजे टाकीत अजून थोडा गंज आहे आणि तो जिथं अडकायला हवा तिथं अडकतोय. पायलट जेट तेव्हापासून मी काढलेला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये एकदम पाय दिला तर क्षणभराचा खड्डा अजून लागतो. दांडीची ती थोडी ढील किंवा कार्बोरेटरवरच्या पंपाची झिजलेली कळ, दोन्हींपैकी काहीतरी आहे. दिवाळीनंतर दांडीला बुश घालून घेणार आहे, आणि तोपर्यंत पंपाला हात लावणार नाही.